रीळ मोवरची धार आणि थकलेली हरळी: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा: पाच पात्यांचा पेट्रोलवरचा रीळ मोवर दोन वर्षं पडून होता. आता तो चालू होतो, पण गवत कापण्याऐवजी चावतो. पानांची टोकं पांढरी पडतात, मधे न कापलेले पट्टे राहतात. हरळीची लॉन पावलाखाली स्पंजासारखी दबते आणि कापल्यावर जागोजागी तपकिरी दिसते. मोवर बदलायचा, की लॉन उपटून नवी लावायची?

इतक्यात दोन्ही नको. लक्षणांवरून मोवरमध्ये रीळ आणि खालच्या पात्याची जुळणी बिघडली आहे आणि लॉनमध्ये थॅच, म्हणजे वाळक्या काड्यांचं जाळं, साचलं आहे. ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. मऊ थॅचमध्ये मोवरचे रोलर रुततात, पातं ठरवल्यापेक्षा खाली जातं, हिरवा शेंडा जातो आणि नुसत्या काड्या उघड्या पडतात. तुम्हाला दिसणारे तपकिरी डाग बहुतेक त्याचेच आहेत. त्यात बोथट पात्याने फाटलेली टोकं दोन दिवसांत सुकतात आणि उरलेली लॉनही राखाडी दिसू लागते.

म्हणून कामाचा क्रम सांभाळा. मोवरची दुरुस्ती आणि जुळणी आधी, लॉन खरवडणं आणि वाळू देणं त्यानंतर, आणि शेवटची बारीक धार वाळू पूर्ण बसल्यावर. बरेच जण आधी लखलखीत धार लावतात आणि पंधरा दिवसांत तोच मोवर वाळूवर चालवून ती घालवतात.

मोवर: आवळल्याने धार येत नाही

रीळ मोवर कात्रीच्या तत्त्वावर चालतो. एडविन बडिंग यांनी १८३० साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून ही कल्पना सुचली होती. तत्त्व आजही तेच आहे: फिरणारं रीळ गवत ओढून आणतं आणि खालच्या स्थिर पात्यावर, म्हणजे बेडनाइफवर, कातरतं. पुढे त्याला तळपातं म्हणतो. कात्रीची दोन पाती एकमेकांना दाबत नाहीत, जेमतेम स्पर्शून जातात. इथेही तसंच हवं. रीळ आणि तळपातं यांच्यातली फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असावी. साध्या छपाईच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या.

कापत नाही म्हणून स्क्रू आवळत जाणं ही या यंत्राची सर्वांत मोठी हानी. आवळल्यावर धातूवर धातू घासतो, दोन्ही तापतात, गरम झालेलं तळपातं फुगून आणखी घासतं. दोन-चार वेळा कापल्यावर धारेची कडा गोल होते आणि मग कितीही आवळलं तरी गवत दुमडून निसटतं. याच कारणाने गवताशिवाय, कोरड्या जमिनीवर रीळ फिरवत ठेवू नका. कापलेल्या पानांतला ओलावाच त्याला वंगण देतो.

हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधा. इंजिन बंद असलं तरी एक पातं बोटाने ढकललं की बाकीची चारही त्याच वेगाने फिरतात, आणि दुसरा हात तेव्हा तळपात्यावर असतो. जाड हातमोजे घाला, आणि पाती अडवायची असतील तर लाकडी पाचर घाला.

आधी बेअरिंग बघा. रीळ दोन्ही टोकांना धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. हाताला जाणवेल इतका खेळ असेल, तर धार लावण्यात अर्थ नाही. चालताना रीळ उडेल आणि तुम्ही लावलेली फट दर फेरीला बदलेल. कप-कोन (वाटीत शंकू बसणाऱ्या) प्रकारची बेअरिंग असतील तर नट हळूहळू आवळून खेळ काढता येतो. रीळ सहज फिरलं पाहिजे, पण हललं नाही पाहिजे. सीलबंद बेअरिंग खरखरत असेल तर सरळ बदला. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर त्यावर गवताचा भुसा चिकटून घट्ट थर होतो. दोन वर्षं पडून राहिलेल्या यंत्रात रोलरची बेअरिंगही हमखास अडकलेली असतात. न फिरणारा रोलर लॉनवर घासत जातो आणि त्याची खूण कापलेल्या पट्ट्यावर दिसते.

आता कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राच्या पातळ पट्ट्या कापून घ्या. पट्टी तळपात्याला काटकोनात धरा आणि रीळ हाताने, कापण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. प्रत्येक पात्यासाठी डावं टोक, मध्य आणि उजवं टोक अशा तीन जागा तपासा. पाच पाती, पंधरा परीक्षा. निकाल कागदावर लिहून ठेवा, कारण दोष कुठे आहे ते त्या नोंदीतच कळतं. एकाच बाजूला कापत नसेल तर त्या बाजूचा ॲडजस्टर, म्हणजे फट जुळवायचा स्क्रू, सैल आहे. दोन्ही टोकांना कापतं आणि मधे नाही, तर तळपातं मधे झिजलंय किंवा ते ज्या पट्टीवर बसतं ती वाकली आहे. एकच पातं सगळीकडे चुकतं, तर तेवढं पातं वाकलंय. एकाच ठिकाणी सगळी पाती चुकतात, तर तळपात्यावर तिथे दगडाचा घाव आहे.

घाव बोटाला जेमतेम लागेल इतका असेल तर बारीक कानशीने वर आलेली कड तेवढी उतरवा, खळगा भरून काढायच्या मागे लागू नका. रीळ एका टोकाला जास्त झिजून शंकूसारखं झालं असेल, तर घरच्या धारेने ते सुटत नाही. पाच पात्यांच्या रिळाला समोरासमोर पाती नसतात, त्यामुळे व्हर्निअरने थेट व्यास मोजता येत नाही. शाफ्टच्या पृष्ठभागापासून पात्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. फरक पाव मिलिमीटरहून जास्त असेल तर रीळ ग्राइंडिंग मशिनवर सरळ करून घ्या. त्याच वेळी तळपातंही त्याच्या पट्टीवर बसवूनच घासून घ्यायला सांगा. नवं तळपातं सपाट असलं, तरी स्क्रूने पट्टीवर आवळल्यावर पट्टीचा आकार घेतं, म्हणून ते बसवल्यानंतर घासायचं असतं. बदलत असाल तर पट्टीची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करा, स्क्रू नवे घ्या आणि मधल्या स्क्रूपासून टोकांकडे आवळत जा. टोकांपासून सुरुवात केली तर मधे फुगवटा अडकून राहतो.

पेस्टने धार लावणं

झीज माफक असेल तर पेस्टने धार लावणं पुरेसं असतं. याला बॅकलॅपिंग म्हणतात: रीळ उलट्या दिशेने फिरवायचं आणि पात्यांना घासपेस्ट लावायची. ८० नंबरची पेस्ट नेहमीच्या कामाला, १२० नंबरची शेवटच्या हाताला. पाण्यात विरघळणारी मिळाली तर तीच घ्या. तेलकट पेस्टचे कण कोपऱ्यात राहतात आणि पुढच्या वापरातही घासत राहतात.

चेन काढा म्हणजे ड्रम (मोवर पुढे नेणारा मागचा मोठा रोलर) आणि इंजिन मोकळे होतील. रिळाच्या शाफ्टच्या टोकाला सॉकेट लावून हळू वेगाच्या ड्रिलने उलटं फिरवा, मिनिटाला शंभर-दोनशे फेरे पुरे. सॉकेट ज्या नटावर लावताय तो उलट्या दिशेला सुटून येत नाही ना, हे आधी बघा. हा नट चालू कामात निघून आला तर ड्रिल हातात उसळतो. पेस्ट लांब दांड्याच्या ब्रशने लावा, आणि ब्रश वरच्या बाजूने, मागे सरकणाऱ्या पात्यांवर टेकवा. बोटाने किंवा चिंधीने कधीच नाही.

कान लावून काम करा. नवी पेस्ट लागली की सलग ‘सर्रर्र’ आवाज येतो. मिनिटा-दोन मिनिटांत तो मंदावतो, म्हणजे पेस्टचे कण झिजले. तेव्हा दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एकेक अष्टमांश फेरा आत घ्या, नवी पेस्ट लावा. आवाज एका बाजूने जास्त येत असेल तर ती बाजू जास्त आवळली गेली आहे. मधूनच ‘टक-टक’ आली तर एखादं पातं वर आहे, ते समपातळीत येईपर्यंत घाई करू नका. पात्यांच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत एकसारखी राखाडी रेघ दिसली की थांबा. त्यानंतर भरपूर पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. तळपात्याच्या पुढच्या अंगाला धारेची पातळ लोखंडी कोर राहिलेली असते. बारीक कानस एकाच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढून ती काढा. मग ॲडजस्टर पाव फेरा सैल करा आणि तिथून अष्टमांश-अष्टमांश करत डावं, उजवं, डावं, उजवं असे आत घेत या, कागद स्वच्छ कापला जाईपर्यंत. कागद कापला गेला की थांबायचं. ‘थोडं अजून’ हा मोह इथेच आवरा. बरोबर जुळलेलं रीळ हाताने ढकललं की एक-दोन फेरे आपल्या वेगाने फिरतं आणि कानाला अगदी हलका घासल्याचा आवाज येतो.

इंजिनाकडे फार वेळ लागत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल टाकून द्या, कार्ब्युरेटरची वाटी साफ करा, एअर फिल्टर धुवा किंवा बदला, प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, चार स्ट्रोक इंजिन असेल तर तेल बदला. चेनचा झोल मधोमध दाबल्यावर बोटभराहून कमी, पण तारेसारखी ताणलेलीही नको.

उंची मोजणं आणि किती पात्यांना किती उंची

यंत्रावरचे आकडे विसरा. मोवर उलटा करून पुढच्या रोलरपासून मागच्या ड्रमपर्यंत सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून तळपात्याच्या धारेपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. दोन्हीकडचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा. ही झाली बाकावरची उंची. लॉनवरची खरी उंची थॅच किती दबतो त्यावर ठरते. तुमच्या लॉनवर बाकावर २० लावलं तर प्रत्यक्षात १२-१४ मिलिमीटरलाच कापलं जात असणार.

दुसरी मोजणी कापाच्या लांबीची. ड्रम आणि रीळ जोडलेले असतील तर मोवर एक मीटर सावकाश ढकला आणि तळपात्यावरून किती पाती गेली ते दुसऱ्याला मोजायला सांगा. ८० गेली तर दर काप १२.५ मिलिमीटरचा. काप उंचीपेक्षा लांब झाला की लॉनवर पत्र्याच्या नालीसारख्या लाटा उमटतात. पाच पात्यांच्या रिळाला १८ ते २५ मिलिमीटर उंची शोभते. १० मिलिमीटरची गालिचासारखी लॉन हवी असेल तर सात ते दहा पात्यांचं रीळ लागतं. पाच पात्यांवर तो हट्ट धरू नका.

आता हरळी

लॉन उपटायची नाही, कारण हरळी सहसा मरत नाही. ती जमिनीवर धावणाऱ्या खोडांनी आणि जमिनीखालच्या काशांनी जगते. शेतात हरळीच्या काशा वेचून दमणाऱ्यांना हे सांगायला नको. लॉनमध्ये तोच चिवटपणा आपल्या कामी येतो. खात्री करायची तर सुरीने दहा सेंटिमीटर खोल एक पाचर कापून काढा. काशा पांढऱ्या, टणक, मोडल्यावर ओलसर असतील तर लॉन जिवंत आहे. तपकिरी, पोकळ, पिचपिचीत असतील तर तेवढा भाग गेला. त्याच पाचरीत हिरवा थर आणि माती यांच्यामधला तपकिरी काथ्यासारखा थर मोजा. १२ मिलिमीटरपर्यंत चालतो. त्याहून जाड असेल तर पाणी आणि खत मातीपर्यंत पोचत नाही, आणि मुळं त्या थरातच धरतात, म्हणून एक दिवस पाणी चुकलं तरी गवत मलूल होतं.

दोन शक्यता आधी तपासून घ्या. ओढल्यावर गवत सतरंजीसारखं सुटून येत असेल तर खाली हुमणीच्या अळ्या मुळं खात आहेत. चौरस फुटात पाच-सहाहून जास्त दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त. आणि जिथे दिवसाला सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन आहे, तिथे हरळी विरळच राहणार. झाडाच्या फांद्या कमी करा, नाहीतर तिथे सावलीतलं दुसरं काही लावा.

खरवडण्याचं काम वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीलाच करा, मातीचं तापमान सलग १८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर, आणि पुढे निदान आठ-दहा आठवडे गरम हवा आहे अशा वेळी. थंडीने वाढ थांबत असताना खरवडली तर उघड्या जमिनीत तण घुसतं आणि हरळीला भरून यायला बळ नसतं.

खरवडताना रीळ मोवर वापरू नका. उंच, दाट काड्या रीळ ओढून घेत नाही, पुढे लोटतं, आणि मातीचे कण धार खातात. रोटरी मोवर (आडवं पातं गरगर फिरवून कापणारा) घ्या आणि दोन-तीन फेऱ्यांत उतरत जा. नेहमीची उंची २० ठेवायची असेल तर १२ पर्यंत उतरा. मग दाताळ्याने किंवा उभ्या पात्यांच्या यंत्राने थॅच काढा, एकदा उभं, एकदा आडवं. निघणारा ढीग बघून घाबरू नका. शंभर चौरस मीटरमधून पोतीच्या पोती निघतात आणि मागे तपकिरी, टक्कल पडल्यासारखी जमीन राहते. ते सगळं लगेच उचला.

माती घट्ट असेल तर भोकं पाडा. पोकळ दातांचं यंत्र मातीची गुंडी बाहेर काढतं, ते चांगलं. भरीव काट्याने भोक पडतं, पण भोवतीची माती आणखी दाबली जाते. खोली ७ ते १० सेंटिमीटर, अंतर ५ ते ८ सेंटिमीटर, माती ओलसर पण चिखल नाही. त्यावर धुतलेली मध्यम भरड वाळू किंवा लॉनच्या मातीशी मिळतंजुळतं मिश्रण. पाच मिलिमीटरचा थर पुरे. हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणजे शंभर चौरस मीटरला पाच मिलिमीटरसाठी अर्धा घनमीटर. दाताळ्याच्या पाठीने पसरून भोकांत उतरवा. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. भोकं न पाडता चिकण मातीवर नुसती वाळू पसरली तर दोन वेगळे थर होतात आणि पाणी त्यांच्या सीमेवर अडतं. समुद्राची वाळू मिठामुळे नको.

खत: दर चौरस मीटरला ५ ग्रॅम नायट्रोजन. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ११ ग्रॅम युरिया, शंभर चौरस मीटरला १.१ किलो. अर्धा उभ्या फेरीत, अर्धा आडव्या फेरीत टाका, म्हणजे पट्टे पडत नाहीत. पानं कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. ओल्या पानावर चिकटलेला युरिया पान जाळतो, आणि वर पडून राहिला तर नायट्रोजन हवेत उडून जातो. जोमदार वाढीत महिन्याला एकदा हाच डोस चालतो. वाढ थांबायच्या सहा आठवडे आधी नायट्रोजन बंद करा. स्फुरद आणि पालाश माती तपासूनच द्या.

पाण्याची पद्धत दोन टप्प्यांत बदलते. पहिले दहा-चौदा दिवस वरचा थर ओला राहील इतकं, दिवसातून दोनदा हलकं. कोंब दिसले की हात आखडा: आठवड्याला एकूण २५ मिलिमीटर, दोन पाळ्यांत. सरळ कडेचे पाच-सहा डबे लॉनवर ठेवून फवारा किती वेळात किती भरतो ते मोजा. बहुतेक लॉनच्या कोपऱ्यात मधल्यापेक्षा निम्मंच पाणी पडतं, हे डब्यांतच कळतं. रोज थोडं-थोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि थॅच पुन्हा जमतो.

मोकळ्या जागा काशांनी भरा. दोन-तीन पेरं असलेले तुकडे घ्या, एक पेर मातीखाली आणि एक वर ठेवून लावा, पायाने दाबा, दोन आठवडे ओल तुटू देऊ नका. लॉन संकरित जातीची असेल, उदाहरणार्थ टिफवे ४१९, तर हाच मार्ग. या जाती वांझ असतात, त्यांचं बी मिळत नाही, आणि साध्या हरळीचं बी टाकलं तर पोत वेगळा दिसतो. उघड्या जागेत लव्हाळा आला तर नुसता ओढू नका. खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. ओल्या मातीत गाठीसकट खणून काढा. तणनाशक वापरायचंच तर हरळी दोन-तीनदा कापून झाल्याशिवाय नाही.

वर ३० मिलिमीटर आली की पहिल्यांदा २० ला कापा, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त पान जात नाही. पहिल्या दोन कापण्या रोटरीनेच करा. दोन-तीन आठवड्यांत वाळू खाली बसते. हात फिरवल्यावर तळव्याला वाळूची खरखर लागेनाशी झाली की रीळ मोवर बाहेर काढा, १२० नंबरच्या पेस्टचा एक हात फिरवा, कागद कापून बघा आणि मग लॉनवर घाला. तिथून पुढे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी दिशा बदलून, गवत कोरडं असताना.

कापून झालं की रीळ धुवा, पुसा, पात्यांवर तेलाचा हलका हात द्या, आणि पुढच्या खेपेला सुरू करण्याआधी डावीकडे, मधे आणि उजवीकडे एकेक कागद कापून बघा. कापला नाही तर अष्टमांश फेरा आत, पुन्हा कागद. दोनदा आत घेऊनही कापत नसेल तर स्क्रू सोडा आणि पेस्टचा डबा उघडा.